टिपेच्या सुराची वही

बाळांनो,

मागच्या रविवारी फोनवर धाकट्याने ओठ पुढे करून मला दाखवला. वरच्या ओठाच्या मधोमध लाल, गोल खूण होती. शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट मिळालंय, पण वरचे सूर लागत नाहीत आणि दहा मिनिटांत ओठ दगडासारखा होतो, असं तू सांगत होतास. थोरली मागून म्हणाली, "आजी, तो बदकासारखा वाजतो." तेवढ्यात तुमची जेवायची वेळ झाली आणि फोन बंद झाला.

ती खूण मी ओळखते. लग्नानंतर कितीतरी वर्षं जेवताना माझ्या समोरच्या ताटावर ती असायची. तुमच्या आजोबांच्या ओठावर. तुम्ही त्यांना पाहिलंत ते खुर्चीत बसून पेपर वाचणारे म्हातारे गृहस्थ म्हणून. ते ट्रंपेट वाजवायचे हे तुमच्या आईने सांगितलं असेल, पण वरचा सूर त्यांनी कसा मिळवला आणि त्यात मी केवढी चूक केली, हे तिलाही नीट ठाऊक नाही. ती तेव्हा तिसरीत होती. म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण आजोबा माझ्याशी कधी इंग्रजीत एक वाक्य बोलले नाहीत, त्यांच्याबद्दल इंग्रजीत लिहिणं मला जमेना. आईकडून वाचून घ्या.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंबरनाथला चाळीत राहत होतो. दोन खोल्या, बाहेर सगळ्यांचा मिळून एक नळ. आजोबा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मशीनवर होते. मी तिथेच दुसऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात स्टेनो-टायपिस्ट होते. माझे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे साधे मजूर, पण त्यांनी हट्टाने मला मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. आमच्या वस्तीत इंग्रजी पत्र आलं की ते आधी माझ्याकडे यायचं. त्याचा मला थोडा गर्व होता, तो पुढे उतरला.

लग्नसराईत आजोबा उल्हासनगरच्या एका बँडमध्ये वाजवायला जात. तिथल्या निर्वासित कॅम्पात कापडाच्या दोन दुकानांच्या मधे बँडचं अरुंद दुकान होतं. बाहेर दोरीवर लाल कोट वाळत असायचे. मालक सिंधी. त्यांना सगळे शेठ म्हणायचे आणि ते सगळ्यांना साईं. बँडमध्ये ट्रंपेटवाले तीन. पहिला गाण्याची चाल वर चढवत नेतो आणि टिपेला जाऊन तिथे उभा राहतो, बाकीचे दोघे खालून भर घालतात. आजोबा दुसरे होते आणि त्यातच खूश होते.

माझ्या सासऱ्यांना हे बँडचं प्रकरण आवडायचं नाही. ते म्हणायचे, "पुढे चालत वाजवणार तू, आणि मागे घोड्यावर मिरवणार दुसरा." पण चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक निघाली की तेच सगळ्यात पुढे उभे असायचे. तेव्हा म्हणायचे, "आज वाजवणारेही आपण आणि मिरवणारेही आपण."

आमच्या वस्तीची जयंतीची मिरवणूक दुपारी निघायची आणि दिवेलागणीला विहारापाशी संपायची. तिथे आमची एक पद्धत होती. शेवटच्या गाण्याचा शेवट पहिला ट्रंपेटवाला टिपेच्या सुरावर करी. शेवटची ओळ चढू लागली की सगळी वस्ती हात वर करी, आणि सूर सुटेपर्यंत कुणी हात खाली घ्यायचा नाही. सूर सुटला की एकदम जयघोष. ही पद्धत कुणी घालून दिली ते माहीत नाही. पण कडेवरच्या पोरांचेसुद्धा हात आया वर धरायच्या.

त्या वर्षी जयंतीच्या आठवडाभर आधी पहिल्या ट्रंपेटवाल्याचे पुढचे दोन दात काढावे लागले. दाताशिवाय ट्रंपेट वाजत नाही. शेठने आजोबांना पुढे उभं केलं. दोन-अडीच तास त्यांनी कसंबसं निभावलं. विहारापाशी येईपर्यंत ओठ सुजून जांभळा झाला होता. शेवटची ओळ आली, हात वर गेले, आणि सूर लागलाच नाही. आधी फुटका आवाज आला, मग नुसती हवा. हात अर्धे वर, अर्धे खाली. मागून कुणीतरी म्हणालं, "हवा गेली रे." पोरं हसली. जयघोष झाला, पण तुकड्या-तुकड्यांनी.

सासरे तिथेच उभे होते, चेहरा पडलेला. घरी आल्यावर आजोबांनी ट्रंपेट पिशवीत घातलं आणि खिळ्याला टांगलं.

दिवाळीच्या आधी शेठने बोलावणं पाठवलं. मीही बरोबर गेले, कारण लाल कोटाची बटणं मी लावून देत असे आणि तो परत द्यायचा होता. शेठने चहा मागवला आणि सरळ विषय काढला.

"साईं, वो पुराना तो अब बजाएगा नहीं. तेरे को जयंती तक टाइम देता हूँ. तुम्हारी बस्ती का जुलूस है, तू ही बजा. टीप लगी तो पहला बाजा तेरा. नहीं लगी तो मैं कल्याण से आदमी लाऊँगा, फिर बुरा मत मानना."

आजोबा चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "नाही लागली तर शेठ, मीच बाजा ठेवून देईन. आपल्या लोकांसमोर दुसऱ्यांदा तसं नको."

ते शांतपणे बोलले. पण मी त्यांना ओळखत होते. ते खरंच ठेवून देणार होते, आणि मग कारखान्यातून येऊन भिंतीकडे बघत बसणार होते, उन्हाळाभर बसले होते तसे.

दुकानाच्या कोपऱ्यात एका ट्रंकेवर फाटक्या ढोलाखाली एक पुस्तक दिसलं. मुखपृष्ठ गेलेलं, इंग्रजी. मी उघडलं. ट्रंपेटचा अभ्यास कसा करावा, याचं ते पुस्तक होतं. पानोपानी स्वरलिपी आणि खाली बारीक अक्षरात सूचना.

"ये किसका है, शेठ?"

"कोई फौजी छोड़ के गया, बाजे के साथ. इधर कौन पढ़ेगा? ले जाओ, भाभी."

मी ते लाल कोटाच्या पिशवीत घालून आणलं.

बँडमधल्या सगळ्यांची एकच समजूत होती. वरचा सूर हवा, तर ट्रंपेट ओठांवर दाबायचं. जितका वरचा सूर, तितका दाब. म्हणून प्रत्येकाच्या ओठावर तो गोल वण. पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की हा दाब हाच ओठाचा शत्रू. दाबला की रक्त थांबतं, रक्त थांबलं की ओठ थरथरत नाही, आणि ओठ थरथरला नाही तर सूर कुठून येणार? वरच्या सुराची ताकद ओठांच्या कोपऱ्यांत असते आणि पोटातल्या हवेत असते, हातात नसते. ती हळूहळू, हलक्या आवाजात वाजवून वाढवायची.

मला भारी आनंद झाला. शेवटी माझं इंग्रजी यांच्या कामी येणार होतं. ऑफिसातून एक लांब वही आणली, रेघा मारल्या आणि पुस्तक मराठीत उतरवायला बसले. डावीकडे व्यायाम, उजवीकडे मिनिटं. एकच सूर श्वास संपेपर्यंत हलका धरणं: दहा मिनिटं. बोटांखालच्या पिस्टनच्या कळा न दाबता नुसत्या ओठांनी खालच्या सुरावरून वरच्यावर जाणं आणि परत येणं: दहा मिनिटं. मग अर्ध्या-अर्ध्या सुराने वर चढणं: दहा मिनिटं. एकूण तीस. शिवाय येता-जाता ओठांत पेन्सिल आडवी धरायची, दात न लावता, कोपरे घट्ट व्हावेत म्हणून. पेन्सिली माझ्याकडे भरपूर होत्या.

चाळीत वाजवायचं म्हणजे शेजाऱ्यांचा प्रश्न. म्हणून ट्रंपेटच्या भोंग्यात तुमच्या आईचे शाळेचे मोजे कोंबले. आवाज इतका बारीक झाला की पलीकडे डासाएवढाही पोचत नसेल. सकाळी एक मोजा सापडत नसला की ती ट्रंपेटला विचारायची, "खाल्लास का?"

पेन्सिलीचा त्रास वेगळाच झाला. शेजारच्या काकू एकदा हळूच मला म्हणाल्या, "वहिनी, तुमचं काही वाजलंय का घरात?"

"नाही. का हो?"

"भावजी नळावर कुणाशी बोलत नाहीत. तोंडात पेन्सिल धरून नुसती मान हलवतात. मला वाटलं, तुम्हीच बोलायचं बंद केलंत."

मी सकाळी घड्याळ घेऊन बसायची. ते वाजवायचे, मी मिनिटं बघायची, वहीत खूण करायची. पंधरा दिवस प्रगती दिसली. जो सूर आधी ओरडून काढावा लागे तो मऊ येऊ लागला. मग हळूहळू उलटं व्हायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात ओठ सकाळीच जड असायचा. चौथ्यात तर मधला सूरही चिरका यायला लागला. मी म्हटलं, "तुम्ही व्यायाम नीट करत नाही. पुस्तकात आहे तसंच करतोय ना आपण?" ते म्हणाले, "तू सांगतेस तसंच करतोय." मी मिनिटं वाढवली. तीसची पंचेचाळीस केली.

तुळशीची लग्नं झाल्यावर उल्हासनगरला एका मोठ्या लग्नाची वरात होती. पहिल्या अर्ध्या तासातच त्यांचा ओठ गेला. बाकीची वरात ते ट्रंपेट तोंडाला लावून नुसते गाल फुगवत चालले. शेठच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी शेठचा निरोप आला की कल्याणच्या माणसाशी बोलणं सुरू केलंय.

आजोबांनी ट्रंपेट परत पिशवीत घातलं. मी त्यांच्या हातातून पिशवी घेतली, पण त्यांच्यावर चिडले होते. मला वाटत होतं की हे कुठेतरी अंगचोरी करतायत. ते कामावर गेल्यावर मी पुस्तक घेऊन बसले, त्यांची चूक शोधायला. एकेक ओळ वहीशी ताडून बघितली, ऑफिसात टाइप केलेलं पत्र मूळ मजकुराशी ताडतात तशी.

चूक सापडली. त्यांची नव्हती.

पुस्तकात प्रत्येक ओळीनंतर एक सूचना होती. वाद्य खाली ठेवा, आणि जितका वेळ वाजवलंत तितका वेळ विश्रांती घ्या. प्रत्येक ओळीनंतर तेच, पान भरून तेच. आणि ते मी वहीत एकदाही लिहिलं नव्हतं. ते माझ्या नजरेतून निसटलं होतं, असंही नाही. मी वाचलं होतं आणि गाळलं होतं. मला तो साहेबी शिष्टाचार वाटला, पत्राच्या शेवटी 'आपला विश्वासू' असतं तसा. साहेब डिक्टेशन देताना शेवटचे ठरलेले शब्द सांगत नाहीत आणि आम्ही ते न सांगता घालतो. इथे मी उलटं केलं होतं. पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट कामाची नसते, अशी माझी समजूत. नीटनेटकेपणाने मी निम्मं पुस्तक फेकून दिलं होतं.

ते संध्याकाळी आले, हातपाय धुतले. मी चहा दिला आणि म्हटलं, "अहो, चूक माझी आहे."

"कसली?"

"पुस्तकात प्रत्येक ओळीनंतर थांबायला सांगितलंय. जितकं वाजवलं तितकं थांबायचं. मी ते वहीत घेतलंच नाही. मला वाटलं, वेळ जाईल."

त्यांनी वही घेतली, माझी मिनिटांची बेरीज बघितली, पुस्तकाचं पान बघितलं. इंग्रजी वाचता येत नसलं तरी एकच शब्द ओळीओळीखाली छापलेला त्यांना दिसत होता. त्या शब्दावरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे मी नापास झालो नाही. पेपरच चुकीचा होता."

"हो."

"बरं झालं," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला. "मला वाटत होतं, माझा ओठच तसला आहे."

त्यानंतर आठ दिवस त्यांनी ट्रंपेटला हात लावला नाही. तसंही पुस्तकात होतं, सुजलेल्या ओठाला हेच औषध. मी तांबडी शाई आणून वहीत प्रत्येक ओळीखाली लिहिलं: विश्रांती. एकोणतीस पानांवर. हात दुखला, पण ते माझं प्रायश्चित्त होतं.

मग नव्याने सुरुवात झाली. एक ओळ वाजवायची, ट्रंपेट गादीवर ठेवायचं आणि तेवढाच वेळ थांबायचं. हे थांबणं आम्हा दोघांनाही जमेना. त्यांचा हात सारखा ट्रंपेटकडे जायचा आणि माझी नजर घड्याळाकडे. वाजवायला दोन मिनिटं, थांबायला दोन मिनिटं, त्या दोन मिनिटांत करायचं काय? मी निवडायची भाजी मधे ठेवू लागले. ते शेंगा सोलायचे, मी मेथी निवडायची. आणि आम्ही बोलायला लागलो.

हे तुम्हाला गमतीचं वाटेल. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. पण ते पाळीवर, मी ऑफिसात, घरात सासरे आणि लहान मूल. आमचं बोलणं म्हणजे रॉकेल संपलं, फी भरायची, नळाला पाणी आलं. त्या दोन-दोन मिनिटांत पहिल्यांदा मला कळलं की ते ट्रंपेट कसे शिकले. गावच्या जत्रेत त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं होतं की पितळेच्या आत कुणी माणूस बसलाय. मी त्यांना सांगितलं की शाळेत मला एकटीला दुसऱ्या बाकावरून उठवून मागे बसवलं होतं आणि मी ते घरी कधी सांगितलं नाही. "का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. मी सांगायला लागले तेवढ्यात दोन मिनिटं संपली. ते म्हणाले, "सांग तू, पुढची ओळ नंतर." तेवढी एकच विश्रांती आम्ही वाढवली.

रविवारी मोठ्या आवाजात वाजवायचं असे. मोज्यांशिवाय. त्यासाठी आम्ही बदलापूरला उतरून बारवी धरणाच्या बाजूच्या बसने जायचो आणि एका पाड्याच्या अलीकडे भातखाचरांच्या बांधावर बसायचो. कापणी झालेली, नुसते बुडखे उरलेले. तिथे कुणाला त्रास नव्हता, असं आम्हाला वाटायचं.

तोपर्यंत त्यांचा ओठ सुधारला होता. दम टिकत होता. पण टीप लागत नव्हती. पुस्तकात ज्याला हाय सी म्हणतात, तिच्या एक पायरी खाली येऊन सूर अडकायचा. मग सवयीने हात दाबायचे, गाल फुगायचे, आणि झालं.

एका रविवारी पाड्यावरची एक म्हातारी बांधापर्यंत आली. कमरेवर हात ठेवून थोडा वेळ बघत राहिली.

"काय रं बाबा, बैल भ्याला माझा. काय काढतंस ह्याच्यातून?"

"सूर काढतोय, आजी. वरचा. निघत नाही."

"इतका फुगतंस कशाला पन? फुगून चूल तरी पेटते का? राख डोल्यात जाते नुसती."

तिने आम्हाला पाणी प्यायला अंगणात नेलं. चुलीत निखारे विझत आले होते. ती खाली बसली, लोखंडी फुंकणी तोंडाला लावली, आणि गाल अजिबात न फुगवता बारीक, लांब फुंकर घातली. निखारा लाल झाला, आणखी लाल झाला, आणि जाळ धरला. तिने फुंकणी आजोबांच्या हातात दिली. "घे. तू कर."

आजोबांनी ट्रंपेटमध्ये फुंकतात तशी फुंकली. राख उडून त्यांच्या मिशांवर बसली.

"बघ, बँडवाला," म्हातारी मला म्हणाली. मग त्यांना, "बारीक सोड. पन सोडत रहा. मधी थांबवायची नाय. आनि दाबतंस कशाला फुंकनी तोंडावर? ती काय पळून जातेय?"

तिसऱ्या वेळी जाळ लागला. ते बराच वेळ त्या जाळाकडे बघत बसले. पुस्तकात हेच होतं, अकराव्या पानावर. मी ते वहीत उतरवलंही होतं. पण ते त्यांना चुलीपाशी कळलं.

बांधावर परत आल्यावर त्यांनी ट्रंपेट तळहातावर नुसतं ठेवल्यासारखं धरलं आणि फुंकणीची फुंकर घातली. टीप लागली. तारेसारखी बारीक आणि क्षणभरच, पण न फुटता. पाड्यावरून आवाज आला, "आता बरा हाय." आम्ही निघेपर्यंत त्यांनी ती आणखी दोनदा लावली आणि बाकीचा वेळ वहीप्रमाणे थांबले.

ते ऐकायला मी शेठना घरी बोलावलं, भोंग्यातले मोजे काढून ऐकवलं. शेठ ऐकून म्हणाले, "घर में लगना अलग, सड़क पे लगना अलग, साईं." तरी कल्याणच्या माणसाला त्यांनी थांबायला सांगितलं.

जयंतीच्या आदल्या दिवशी बँडच्या लोकांशी वाद झाला. आजोबांनी सांगितलं की प्रत्येक गाण्याचं तोंड, म्हणजे मुखडा, मी वाजवीन, अंतरे क्लॅरिनेटने घ्यायचे, आणि तेवढा वेळ मी ट्रंपेट खाली धरून चालणार. असं कुणी करत नाही. पहिला ट्रंपेटवाला खाली हात सोडून चालला की लोकांना वाटतं, हा दमला.

"लोग क्या बोलेंगे?" शेठ म्हणाले.

"बोलतील ते बोलू द्या. शेवटी टीप नाही लागली तर परवापासून मी नाही. पण उद्या माझ्या पद्धतीने वाजवू द्या."

मिरवणूक निघाली. मी पांढरी साडी नेसून बायकांच्या ओळीत, बँडच्या मागेच होते. सासरे पुढे. आजोबांनी पहिल्या गाण्याचं तोंड वाजवलं आणि ट्रंपेट खाली घेतलं. दुसऱ्या गाण्यालाही तेच. नाक्यावर गेल्या वर्षी "हवा गेली" म्हणालेला तोच माणूस उभा होता. ओरडला, "काय दादा, जड झालं का? मी धरू का?" बायकांत कुणीतरी हसलं. सासऱ्यांनी मागे वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या वर्षीचंच होतं सगळं. आजोबांनी त्या माणसाकडे बघून मान हलवली, नळावर हलवायचे तशी, आणि चालत राहिले.

मला त्या हसण्याचं फार लागलं. मी चालताना मनात मिनिटं मोजत होते. वाजवलं तेवढं थांबले का? थांबले. पुढच्या चौकात लोक नाचायला लागले, "वाजव, वाजव" म्हणून त्यांच्याभोवती गोल झाला. तिथे ते मोडतील असं मला वाटलं, कारण नाचणाऱ्यांना नाही म्हणणं बँडवाल्याच्या रक्तात नसतं. त्यांनी हसून क्लॅरिनेटवाल्याकडे बोट दाखवलं.

विहारापाशी आलो तेव्हा दिवे लागत होते. शेवटचं गाणं सुरू झालं. त्यांनी रुमालाने ओठ टिपला, जिभेने ओला केला. शेवटची ओळ चढायला लागली तसे हात वर जाऊ लागले, पण संथपणे, थोडे घाबरत. गेल्या वर्षीचं सगळ्यांच्या लक्षात होतं. माझाही हात वर गेला.

सूर लागला. मोठा नव्हता. गेल्या कित्येक वर्षांत तिथे वाजलेल्या टिपांपेक्षा बारीकच होता, पण सरळ होता, आणि बारीक होता म्हणूनच सगळ्यांच्या डोक्यांवरून विहाराच्या पलीकडे जात होता. त्यांचे गाल फुगले नव्हते. कोपर सैल होतं. मला फुंकणी आठवली.

किती वेळ धरला ते मला सांगता येणार नाही. इतके महिने प्रत्येक सूर मी मिनिटा-सेकंदांनी मोजला होता, आणि हा एक मोजायचा राहिला. घड्याळ मनगटावर होतं, पण हात वर होता.

सूर त्यांनी स्वतः सोडला, तुटला नाही. मग जयघोष झाला, एका तोंडाने.

गर्दी पांगताना नाक्यावरचा माणूस चहाचा ग्लास घेऊन आला. "दादा, घ्या. मला वाटलं तुम्ही दमलात."

"दमू नये म्हणूनच थांबत होतो," आजोबा म्हणाले.

शेठ लांबूनच म्हणाले, "साईं, पहला बाजा तेरा." घरी येईपर्यंत ट्रंपेटची पिशवी सासऱ्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली. रात्री जेवताना मी आजोबांच्या ओठाकडे बघितलं. किंचित लाल होता. गोल खूण नव्हती.

पुढे नव्वदच्या दशकात त्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हा लग्नसराईतला हाच पहिला बाजा आम्हाला उपयोगी पडला. आम्ही बदलापूरला कात्रपला लहानसा फ्लॅट घेतला, तिथेही भोंग्यात मोजे घालून ते वाजवत. तुमच्या आईचे मोजे मोठे होत गेले. पुस्तक एका पावसाळ्यात भिजून गेलं. मग त्यांचे दात गेले आणि त्यांनी ट्रंपेट वस्तीच्या बँडला दिलं. आता ते कुणाकडे आहे, मला माहीत नाही. पाड्यावरच्या म्हातारीला सांगायला आम्ही पुढच्या रविवारी गेलो होतो. ती म्हणाली, "बैलाला सांगते."

धाकट्या, तुझ्यासाठी तीनच गोष्टी. दाबू नकोस. हवा बारीक सोड, पण सोडत रहा. आणि जितकं वाजवशील तितकं थांब. थांबलेला वेळ वाया जात नाही, तेव्हा बहिणीशी बोल. ती बदक म्हणाली तरी बोल.

आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली. वही माझ्याकडे आहे, एकोणतीस पानांची, निळ्या शाईखाली तांबडी शाई. तांबडी थोडी फिकटली आहे पण वाचता येते. ट्रंपेट देताना त्यांनी काढून ठेवलेलं, ओठांना लावायचं माउथपीस कपाटात साड्यांच्या खाली, एका मोज्यात ठेवलं आहे.